गच्ची कोणाची?

घरबांधणीच्या जाहिराती वाचायचा मला छंद आहे. रविवारची पुरवणी हातात पडली की अग्रलेख-बिग्रलेख नंतर, आधी जाहिराती. हल्ली प्रत्येक इमारत 'ग्रीन' असते. नावात वन, उपवन, बाग असं काहीतरी असतं, बाल्कनीतून वेली लोंबत असतात, आणि त्याच चित्रात दिवाणखान्याला जमिनीपासून छतापर्यंत पश्चिमेकडे तोंड करून अख्खी काच असते. काचेपाशी एक तरुण जोडपं कॉफीचे मग घेऊन मावळतीचा सूर्य बघत उभं असतं. मला त्या जोडप्याची फार काळजी वाटते :-) पुण्यातल्या एप्रिलमध्ये संध्याकाळी पाच वाजता त्या काचेपाशी कॉफी घेऊन उभं राहून बघा. कॉफी शेवटपर्यंत गरम राहील एवढी खात्री देतो.

विनोद सोडून देऊ. पर्यावरणस्नेही घर म्हणजे पर्यावरणस्नेही वस्तूंनी भरलेलं घर, अशी काहीशी समजूत आपण करून घेतली आहे. बांबूचे टूथब्रश, तांब्याची बाटली, कापडी पिशव्या (आमच्या घरी या आता इतक्या झाल्यात की त्या ठेवायला एक मोठी पिशवी लागते), बाल्कनीत चार कुंड्या. यातलं काहीच वाईट नाही. पण घर किती ऊर्जा खातं आणि का खातं, याचा हिशोब मांडायला बसलं की हे सगळं चिल्लर ठरतं. खरी रक्कम दुसरीकडेच असते. आणि ती जिथे असते त्या जागेवर आपल्यापैकी बहुतेकांचा एकट्याचा हक्क नसतो, ही खरी गोम आहे.

आधी हिशोब. विजेच्या बाबतीत दिव्यांचा प्रश्न जवळजवळ सुटला आहे. २०१५ साली सरकारने 'उजाला' योजनेत स्वस्तात एलईडी दिवे वाटायला सुरुवात केली, बाजारातल्या किमतीही धाडकन उतरल्या, आणि साठ वॉटचा पिवळा बल्ब दिसेनासा झाला. आता नऊ वॉटमध्ये तेवढाच उजेड पडतो. त्यामुळे 'खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद कर' हे बाबांचं वाक्य मीही माझ्या मुलीला ऐकवतो खरा, पण त्यातून वाचणारी वीज आता फारशी नाही. सवय म्हणून चांगलं आहे, इतकंच.

पंख्याचं तसं नाही. आपल्याकडचा साधा छताचा पंखा पंच्याहत्तर वॉटच्या आसपास वीज घेतो. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा तेवढाच वारा तीस-पस्तीस वॉटमध्ये देतो. उन्हाळ्यात पंधरा तास पंखा फिरतो असं धरलं तर एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात. महाग पडतो, पण दोन-तीन उन्हाळ्यांत पैसे वसूल होतात. दिव्यांइतकी त्याची चर्चा मात्र कधी झाली नाही. पंख्यावर ताऱ्यांचं लेबल सक्तीचं व्हायलाच २०२३ साल उजाडलं.

मग गीझर. पंधरा लिटरची बादली बावीस अंशांवरून बेचाळीसवर न्यायला साधारण एक तृतीयांश युनिट लागतं. चार माणसांचं घर, चार बादल्या, महिन्याला चाळीस युनिट. हे काम सूर्य फुकट करतो आणि पुण्यासारख्या गावात वर्षातले आठ-नऊ महिने बिनतक्रार करतो. सोलर बंब आपल्याकडे बऱ्याच इमारतींवर आहेतही. त्यातले चालू किती, हा प्रश्न विचारू नये. गच्चीवरून खालच्या मजल्यापर्यंत येणारा पाइप उघडा असतो, त्यावर आवरण नसतं, मग तळमजल्यावरच्या माणसाला गरम पाण्यासाठी आधी दोन बादल्या गार पाणी सोडावं लागतं. तो वैतागतो आणि गीझर लावतो. यंत्र उत्तम, पाइप गचाळ. आपल्याकडच्या बऱ्याच चांगल्या गोष्टी अशा पाइपात थंड होतात.

आणि शेवटी एसी. बाकी सगळं एका पारड्यात घातलं तरी हे पारडं खाली जातं. दीड टनाचा चांगला इन्व्हर्टर एसी रात्रभर आठ तास चालला की सहा-सात युनिट सहज खातो, म्हणजे महिन्याला दोनशे युनिट. ज्या घराचं बिल नव्वद युनिटचं होतं ते एकदम तीनशेच्या घरात जातं, आणि शंभर युनिटनंतर दरही वरच्या टप्प्यातला लागतो. एसी चोवीसऐवजी सव्वीसवर ठेवून पंखा लावा, एका अंशामागे साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगत असतो. २०२० पासून नवे एसी सुरू करताना आपोआप चोवीसवर येतात, तेही त्यांच्यामुळेच. चांगलंच आहे. पण मुळात पुण्यात एसी का लागायला लागला?

थांबा, त्याआधी ही दोनशे युनिटं येतात कुठून तेही बघू. ग्रिडमधली वीज कुठल्या गावची हे कोणी सांगू शकत नाही, पण महाराष्ट्रातली बरीचशी वीज अजूनही कोळशाची आहे आणि त्या कोळशाच्या विजेचं मोठं ठाणं म्हणजे चंद्रपूर. तिथल्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. कोळशापासून एक युनिट वीज करायला सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे एका बेडरूमचा एका महिन्याचा गारवा हा सव्वा ते दीड क्विंटल कोळसा. पोत्यात भरून तो आपल्या दारात आणून टाकला तर बाई-बुवा सगळे ओरडतील. तो चंद्रपुरात जळतो, राख तिथे पडते, आणि ते गाव मे महिन्यात सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांवर असतं. आपली बेडरूम गार करण्यासाठी राज्यातल्या सगळ्यात तापणाऱ्या गावांपैकी एकात आपण भट्टी पेटवतो. हे मला एकदा सुचलं आणि मग डोक्यातून जाईना.

तर, एसी का लागतो? हवा तापली हे आहेच. पण घराच्या आतली उष्णता ही निव्वळ बाहेरच्या हवेची नसते. ती घर कसं बांधलंय त्याची असते. उन्हाळ्यात आपल्या अक्षांशावर सूर्य अक्षरशः डोक्यावर येतो. मेच्या मध्याला पुण्यात दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. म्हणजे दिवसभराचं सगळ्यात जास्त ऊन कोण खातं? भिंती नव्हे, छत. पाच-सहा इंचांचा सिमेंट काँक्रीटचा स्लॅब सकाळपासून ऊन पीत बसतो आणि संध्याकाळपासून ते खालच्या खोलीत ओतायला लागतो. बाहेर रात्री दहाला छान झुळूक सुटलेली असते आणि वरच्या मजल्यावर पंखा लावला की भट्टीतली हवा अंगावर येते. पंख्याचा दोष नाही, तो बिचारा छताखालची हवा खाली ढकलतोय.

त्यानंतर नंबर पश्चिमेच्या भिंतीचा आणि खिडकीचा. दक्षिणेच्या खिडकीवर दीड-दोन फुटांचा छज्जा काढला की काम भागतं, कारण तिकडे ऊन वरून येतं. पश्चिमेला ते आडवं येतं, तिथे छज्जा निरुपयोगी. तिथे बाहेरून पडदा हवा: चिकाचा, वाळ्याचा, वेलीचा, काहीही, पण काचेच्या बाहेर. आतून लावलेला जाड पडदा म्हणजे चोर घरात आल्यावर दार लावण्यासारखं आहे.

हे आपल्या लोकांना माहीत नव्हतं असं नाही. मराठवाड्यातलं माळवद, कोकणातलं कौल आणि त्याखालचा पोटमाळा, वाड्याची ओसरी, विदर्भातल्या वाळ्याच्या ताट्या, सगळ्यांचा विचार एकच: ऊन आणि माणूस यांच्यामध्ये काहीतरी ठेवा. मी काही 'जुनं ते सोनं'वाला नाही. वाड्यात उजेडाची बोंब होती, माळवदाला दरवर्षी माती टाकावी लागायची आणि ती कोण टाकायचं हेही आपल्याला माहीत आहे. पण त्यातला विचार घेऊन आजच्या साहित्यात बांधता येतं. लॉरी बेकर यांनी केरळात तेच केलं. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवायची, म्हणजे विटा पाव हिश्शाने कमी लागतात आणि ती पोकळी उष्णता अडवते. स्लॅबमध्ये जिथे काँक्रीटची गरज नाही तिथे जुनी कौलं घालायची. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजच्या इमारती त्यांनी अशाच काटकसरीने बांधल्या. बेकर २००७ मध्ये गेले. आपल्या गल्लीत अशी भिंत बांधणारा गवंडी शोधून बघा.

सरकारी पातळीवरही अक्कल आहे, नाही असं नाही. २०१८ साली घरांसाठी 'इको निवास संहिता' आली. छतातून किती उष्णता आत आली तर चालेल याची मर्यादा तिच्यात दिलेली आहे. साध्या उघड्या स्लॅबमधून तिच्या जवळजवळ अडीच-तीन पट उष्णता येते. म्हणजे आपण राहतो त्यातली बहुतेक घरं या संहितेच्या परीक्षेत सरळ नापास. पण संहिता नव्या इमारतींसाठी. जुन्या इमारतींच्या छतांचं काय? ती तर उभीच राहणार आहेत, अजून तीस वर्षं.

आता आईच्या घराकडे येतो, कारण हे सगळं मी तिथे शिकलो.

आई ७८ वर्षांची आहे. कोथरूडमधल्या एका चार मजली इमारतीत, वरच्या मजल्यावर, १९९४ पासून राहते. तेव्हा वरचा मजला मुद्दाम घेतला होता: वारा, उजेड, डोक्यावर कोणाची दाणदाण नाही. पहिली पंधरा-वीस वर्षं ते खरंही होतं. मग आजूबाजूला उंच इमारती आल्या, वारा गेला. पाच-सहा वर्षांपूर्वी गच्ची गळायला लागली म्हणून सोसायटीने कोब्यावर विटकरी लाल रंगाचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं. गळती थांबली. खोल्या तापायला लागल्या.

मागच्या ते मागच्या एप्रिलमध्ये आई पहाटे उठताना चक्कर येऊन पलंगावर परत बसली. शेजारच्या काकू आल्या म्हणून निभावलं. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या पाहिल्या, पाणी किती पिता विचारलं, आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "रात्री झोपता त्या खोलीत हवा कशी आहे?" म्हाताऱ्या माणसाला दुपारच्या उन्हाइतकीच रात्रीची उष्णता वाईट, कारण शरीराला सावरायला वेळच मिळत नाही, हे त्यांनी समजावून सांगितलं. त्या रात्री मी तिथेच झोपलो, तापमापक घेऊन. साडेदहाला बाहेर सत्तावीस, तिच्या खोलीत साडेचौतीस.

एसी बसवू म्हटलं तर आई तयार नाही. "एसीनं माझे गुडघे धरतात, आणि ते बिल बघून झोप लागायची नाही ती वेगळीच." मग मी गच्ची पांढरी करायचं ठरवलं. यात काहीही नवीन नाही. चुना, पांढरं सिमेंट, थोडा चिकटपणासाठी फेव्हिकॉल, तीन हात. पांढरा पृष्ठभाग बरंचसं ऊन आत घेण्याआधीच परत पाठवतो, एवढंच त्यामागचं शास्त्र. अख्ख्या गच्चीचा खर्च मजुरीसकट काही हजारांत. जास्त टिकाऊ हवं असेल तर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवतात तो चायना मोझॅक, पण तो बराच महाग.

गच्ची सोसायटीची. म्हणून सभेत विषय मांडला. आणि मग जे झालं ते कुठल्याही सोसायटीत राहणाऱ्याला सांगायची गरज नाही.

पहिलं म्हणणं, वॉटरप्रूफिंगवाल्याची गॅरंटी जाईल. बरं, त्याला फोन लावला. तो म्हणाला, चुन्याने काही होत नाही साहेब, फक्त पाणी साठू देऊ नका. दुसरं म्हणणं, पांढरं घाण दिसेल. गच्चीवर वर्षातून दोनदा, कोजागिरीला आणि टाकीत पाणी का नाही हे बघायला जाणाऱ्या लोकांचं हे म्हणणं. मग चेअरमनकाकांनी खरा मुद्दा काढला. "हे बघ, फायदा वरच्या तीन फ्लॅटना. पैसे बारा जणांनी का द्यायचे?"

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून मी तिथेच विचारलं, लिफ्टचा खर्च तळमजलाही समान देतो ना? आपल्या उपविधीतच तसं आहे. का देतो? कारण लिफ्ट इमारतीची आहे. मग छत कोणाचं आहे? वरच्या मजल्यावरचा माणूस बाकी तिघा मजल्यांचं ऊन स्वतःच्या डोक्यावर घेतो. चार मजल्यांचं ते एकच छत आहे, त्याच्या खाली तो एकटा आहे एवढंच.

"मग एसी लावा ना," मागून कोणीतरी म्हणालं. आता, एसी लावला तर काय होतं तेही बघा. तो खोलीतली उष्णता नाहीशी करत नाही, बाहेर फेकतो, वर स्वतःची थोडी मिसळून. त्याचं बाहेरचं यंत्र बसणार तिसऱ्या मजल्याच्या खिडकीवर. तिसऱ्या मजल्यावाले त्या गरम हवेने खिडकी बंद करणार आणि स्वतः एसी घेणार. असं करत करत आख्ख्या डक्टमध्ये गरम हवा भरून राहते आणि ज्याच्याकडे एसी नाही त्याची पंचाईत होते. म्हणजे पांढऱ्या गच्चीचा फायदा खालच्यांना नाही हे गृहीत धरायचं, आणि एसीचा त्रास त्यांना होणारच हे मात्र बोलायचं नाही.

शेवटी तडजोड झाली ती अशी: तुमच्या फ्लॅटच्या डोक्यावर तेवढी पांढरी करा, तुमच्या खर्चाने. केली. फेब्रुवारीत दोन रविवार लागले. समोरच्या उंच इमारतीतून पाहिलं तर लाल गच्चीवर कोणीतरी एक मोठा पांढरा रुमाल वाळत टाकलाय असं दिसतं. त्या एप्रिलमध्ये रात्री साडेदहाला आईच्या खोलीत साडेएकतीस होतं. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चिकाचा पडदा लावला, खोलीतला पंखा बदलला. तीन अंश. तिला झोप लागायला लागली. शिवाय कुरडया पांढऱ्यावर घालता येतात याचं तिला फार कौतुक. खालच्या काकूंनीही आपले पापड तिथेच आणून घातले, तेव्हा मात्र गच्चीचा फायदा कोणाला हा प्रश्न कोणी काढला नाही :-)

बाजूच्या फ्लॅटचं मला वाईट वाटतं. तिथे भाड्याने एक कुटुंब राहतं, नवरा-बायको आणि तीन वर्षांची मुलगी. मालक परदेशात. त्यांना मेल केली, तुमच्याही भागाला चुना लावू का, खर्च अमुक. त्यांचं उत्तर आलं की मी तिथे राहत नाही, भाडेकरूंना लावायचा तर लावू देत. भाडेकरूला सोसायटीत मत नाही, गच्चीवर हक्क नाही, आणि अकरा महिन्यांनी घर सोडावं लागेल म्हणून तो दुसऱ्याच्या छतावर पैसे घालणार नाही. अशी घरं पुण्यात किती असतील? ऊर्जा वाचवण्याचे सल्ले छापणारे सगळे लेख घरमालक वाचतो असं धरून लिहिलेले असतात. उकडतं मात्र भाडेकरूला जास्त, कारण वरचा तापणारा फ्लॅट भाड्याने स्वस्त मिळतो.

म्हणून मला वाटतं, हे काम एकेका घराच्या हौसेवर सोडून चालणार नाही. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त माणसं दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेने उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे त्यात वस्त्यांमधली छतं पांढरी करण्याचं कामही घेतलं. पत्र्याच्या घरात राहणाऱ्याला तर आईच्या स्लॅबचाही हेवा वाटावा अशी अवस्था असते. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांसाठी सरळ धोरणच आणलं. आपल्याकडे पुणे महापालिका सौरऊर्जा, पर्जन्यजल आणि गांडूळखत यांसाठी मिळकतकरात पाच ते दहा टक्के सवलत देते. त्याच यादीत पांढरी गच्ची बसवायला काय हरकत आहे? तपासायलाही सोपी. गांडुळं जिवंत आहेत का हे पाहायला माणूस पाठवावा लागतो, गच्ची वरून दिसते.

गच्चीवर सोलर पॅनल टाकले तर अजूनच उत्तम, एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते, दिवसाला चार युनिट मिळतात, आणि खालच्या स्लॅबला फुकटात सावली. २०२४ मध्ये आलेल्या 'सूर्यघर' योजनेत सोसायट्यांना लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान ठरवलं गेलं. पण त्यासाठीही बारा सह्या लागतात. चुन्याला नाही मिळाल्या, पॅनलला मिळतील का, देव जाणे.

यंदाच्या वार्षिक सभेसाठी मी ठराव लिहून दिला आहे. दरवर्षी फेब्रुवारीत पूर्ण गच्चीला चुना, खर्च मेन्टेनन्समधून, लिफ्टसारखा समान. पावसाळ्यात चुना धुपतो, त्यामुळे हे दरवर्षीचं काम आहे, दिवाळीच्या साफसफाईसारखं. ठरावाच्या शेवटी एक वाक्य घातलंय की या विषयावर भाडेकरूंनाही बोलू द्यावं. सेक्रेटरींचा काल फोन आला होता. चुन्याचं काही नाही, म्हणाले, ते होईल बहुतेक, पण शेवटचं वाक्य तेवढं काढता का? मी अजून काढलेलं नाही.